नाण्याचा नाद
(प्रस्तावना)

मराठी भाषेत छंद कोणी मिळवीत नाही की शोधून काढीत नाही, तो लागतो. भूक लागते, ठेच लागते, पावसाची झड लागते, आणि त्याच क्रियापदाच्या आधाराने एखाद्या शहाण्यासुरत्या, आयुष्याचा ताळेबंद वेळच्या वेळी लिहून ठेवणाऱ्या गृहस्थाला एके दिवशी कशाचा तरी नाद लागतो. कर्तेपण त्याच्याकडून काढून घेतले जाते आणि तो बापडा चतुर्थी विभक्तीत उभा राहून पुढे काय काय होते ते पाहत बसतो. हे व्याकरण ज्यांच्या ध्यानात येत नाही अशी हितचिंतक मंडळी सेवानिवृत्त माणसाला भेटताच, वैद्याने चूर्णाची पुडी हातावर ठेवावी त्या सहजतेने, 'आता एखादा छंद लावून घ्या' असा सल्ला देतात. मलाही तो मिळाला. मी तो शिरसावंद्य मानला, कुंड्या आणल्या, त्यांतील रोपे उन्हाळ्याच्या स्वाधीन केली, पेटी शिकण्यास आरंभ केला, आणि वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूंनी अत्यंत सभ्य शब्दांत माझ्या प्रकृतीची चौकशी केल्यावर तोही उद्योग आवरता घेतला. या दोन्ही प्रयत्नांत माझी मेहनत कमी पडली असे मला वाटत नाही. मला ते कोणाकडून लागलेले नव्हते, एवढेच.

प्रस्तुत पुस्तकात जुन्या नाण्यांचा नाद लागलेल्या अकरा माणसांनी आपापली हकीकत लिहिली आहे आणि तिला पूर्वपीठिका जोडण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले आहे. या निवडीमागे माझा अधिकार नसून माझे वय आहे, हे मी जाणून आहे. ज्ञानाच्या दृष्टीने या अकरांपैकी निदान आठ जण माझे गुरू शोभतील. परंतु नवशिक्याच्या चुका जितक्या मी केल्या तितक्या त्यांच्यापैकी कोणीही केलेल्या नाहीत, आणि ज्याच्या हाती हे पुस्तक प्रथमच पडत आहे त्याला विद्वानाच्या सिद्धांतांपेक्षा चुकलेल्याच्या अनुभवाचा उपयोग अधिक होण्याचा संभव आहे.

माझी पहिली चूक चिंचेची. वाईजवळच्या एका खेड्यात माझ्या आत्याचे घर वाटणीसाठी मोकळे होत होते. भांडी मोजली जात होती, जाते कोणी न्यावे यावर विचारविनिमय चालला होता, आणि त्या धांदलीत आत्याने देव्हाऱ्यातील कलश माझ्या ओंजळीत उपडा केला. घटस्थापनेला सुपारीबरोबर जे नाणे पिढ्यान्‌पिढ्या त्यात पडत आले होते ते माझ्या तळहातावर आले. "घे बाळू. देवातला पैसा आहे, मोडीत घालू नकोस," एवढेच ती म्हणाली. काळपट हिरव्या रंगाची, कडेला ओबडधोबड, तोळाभर वजनाची ती तांब्याची चकती घरी आणून मी सद्भावनेने चिंच आणि मिठात भिजत घातली, नारळाच्या शेंडीने मन लावून घासली, राखेने लखलखीत केली, आणि नव्या पातेल्यासारखी चकाकणारी ती वस्तू घेऊन मोठ्या अभिमानाने ओळखीच्या एका वृद्ध सोनारांकडे गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, भिंग लावले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"साहेब, घासलंत?"

"हो. फारच मळलं होतं."

"मळ नव्हता तो," ते म्हणाले, आणि हातातले भिंग त्यांनी खाली ठेवले.

तांब्याच्या अंगावर दीडदोनशे वर्षांत जी कांती धरते ती मळ नसून त्या धातूने स्वतःभोवती घातलेले चिलखत असते, तिच्याखाली अक्षरांच्या कडा सुरक्षित राहतात, आणि आम्लाने ती उतरली की अक्षरेही थोडीफार उतरतात, हे मला त्या दिवशी कळले. मी एकतीस वर्षे खजिन्याच्या कचेरीत काढली. लक्षावधी रुपये जमेच्या बाजूकडून खर्चाच्या बाजूकडे नेले, पैचा फरक राहिला तर रात्री नऊपर्यंत बसून तो शोधला, आणि एवढ्या काळात एकाही नाण्याकडे डोळे उघडून पाहिले नाही. पैसा पाहण्यासाठी असतो ही कल्पनाच आमच्या खात्यात नव्हती.

ती शिवराई होती. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे बिंदूंच्या वर्तुळात धारण करणारे हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकाशी निगडित आहे खरे. पण तीच अक्षरे पुढच्या राज्यकर्त्यांनी आणि पेशवाईतील टांकसाळींनीही कायम ठेवली, आणि महाराजांच्या पश्चात दीर्घकाळ ही नाणी पडत राहिली. म्हणून हाती आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्याच वेळची आहे असे समजून कपाळाला लावणाऱ्याच्या भक्तीला बाध येऊ न देता त्याची समजूत घालणे हे या छंदातील एक नाजूक कर्तव्य होऊन बसते. माझी समजूत सोनारबुवांनी बोलण्यापेक्षा दाखवूनच घातली. माझ्या चकतीवर एका अंगास नुसते 'राजा' आणि त्याखाली अर्धा 'शि' दिसत होता, 'श्री'चा मागमूस नव्हता, आणि उलट बाजूस 'त्र' व 'प' ही दोन अक्षरे एकमेकांकडे पाठ करून उभी होती. नाणे झिजले असावे, किंवा माझ्या चिंचेनेच ही अक्षरे खाल्ली असावीत, असे वाटून मी खजील झालो. तेव्हा त्यांनी गल्ल्याच्या मागून एक चंची काढली, तीतील पाच शिवराया गादीवर मांडल्या, आणि माझी सहावी त्यांच्या पंक्तीला ठेवली. एकीवर 'श्री' स्वच्छ होता आणि बाकी काही नव्हते. दुसरीवर 'शिव' होते, तेही 'सिव' असे लिहिलेले. तिसरीवर 'छ' होता, चौथीवर 'ति'. मी मान इकडून तिकडे फिरवली आणि सहा तुकड्यांमधून चारही शब्द, एकही अक्षर न गळता, माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

मला नाद लागला तो त्या क्षणी. त्याचे कारण मी पुष्कळ दिवस इतिहासप्रेम असे सांगत असे. ते खोटे नसले तरी पुरे नाही.

खरे कारण टांकसाळीच्या रीतीत आहे. यंत्राने नाणी पाडण्यापूर्वी आपल्याकडे धातूची चकती ऐरणीवर बसविलेल्या खालच्या ठशावर ठेवीत, वर दुसरा ठसा धरीत आणि हातोड्याचा घाव घालीत. ठसा कोरणारा कारागीर पूर्ण मजकूर कोरी, पण ठशाचा व्यास मोठा आणि चकतीचा लहान असल्याने घावागणिक मजकुराचा जो भाग चकतीखाली येईल तेवढाच तिच्यावर उमटे आणि उरलेला हवेत विरून जाई. ठसा एक, त्यातून निघालेली नाणी हजारो, आणि त्यांतील एकावरही लेख पूर्ण असेलच अशी शाश्वती नाही. झिजेमुळे अक्षरे गेली अशी जी सर्वसामान्य समजूत आहे ती बहुधा चुकीची असते; ती अक्षरे त्या नाण्यावर कधी आलीच नव्हती. ती दुसऱ्या कोणाच्या तरी डबीत आहेत, आणि त्याच्याकडे गेल्यावाचून तुम्हाला तुमचे नाणे वाचता येत नाही. टपालाच्या तिकिटांचा संग्राहक एकट्याने सुखी राहू शकतो, कारण प्रत्येक तिकीट आपल्यापुरते संपूर्ण असते. जुन्या नाण्यांचा संग्राहक एकटा राहिला तर त्याच्याजवळ सोन्यारुप्याचे अर्धे-मुर्धे शब्द तेवढे साठतात.

रुपयांच्या बाबतीत हा अनुभव अधिकच तीव्र होतो. मराठ्यांनी आपल्या टांकसाळींत पाडलेले रुपये पाहिले तर त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे आढळते: एका बाजूस फार्सी लिपीत 'सिक्का मुबारक बादशाह गाजी शाह आलम', दुसऱ्या बाजूस जुलूस सन आणि 'जर्ब' या शब्दापुढे टांकसाळीचे नाव. ज्या सत्तेचे सरदार त्या बादशहाला तख्तावर बसवीत होते तिनेच आपल्या रुपयावर त्याचे नाव घालावे याचे आजच्या वाचकाला वैषम्य वाटते. पण सराफकट्ट्यावर अभिमानापेक्षा पत मोठी असते, आणि बाजाराला ज्या छापाची सवय आहे तो छाप बदलला तर रुपया दर मुक्कामाला बट्ट्याने खपतो, हे त्या व्यवहारी राज्यकर्त्यांना नीट ठाऊक होते. माणसाच्या नावाला लागणारा बट्टा हा शब्दही याच कट्ट्यावरचा. पारखी आणि पोतदार ही आडनावेही तिथलीच. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या कामाच्या ओझ्याने दबलेल्या पुरुषाला १८९९ साली मराठेशाहीतील चलन आणि टांकसाळी यांवर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचावासा वाटला, यातच या विषयाचे महत्त्व आले.

आम्हा नादिष्टांची दर रविवारी बैठक भरते. तिच्यातील एका सभासदाकडे, ते एस. टी. त कंडक्टर होते, असा एक रुपया होता. टांकसाळीच्या जागी त्यांना तीन-चार रेघा आणि एक अंकुश एवढेच दिसे. अंकुशी रुपया पुण्याचा, इतके ऐकून ठाऊक होते. पण लेखात पुणे कोठे आहे हे कोणाला सांगता येईना, कारण आमच्यात फार्सी अक्षर ओळखणारा कोणी नव्हता. पुढे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक, नातवाला जुना बाजार दाखवायला म्हणून आलेले, आमच्या हातातील भिंग पाहून थबकले. पुढच्या रविवारी ते बैठकीला आले तेव्हा टेबलावर निरनिराळ्या पाच जणांचे अंकुशी रुपये ओळीने मांडलेले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, बोट न लावता प्रत्येकावरून नजर फिरविली, आणि दुसऱ्या रुपयावरून 'मुहि', चौथ्यावरून 'आबाद', आणि कंडक्टरांच्या रुपयावरच्या त्या तीन-चार रेघांमधून 'पुणे' असे सावकाश उच्चारून दाखविले. औरंगजेबाने पुण्याला दिलेले मुहियाबाद हे नाव पेशव्यांच्या राजधानीतील रुपयावर नांदत होते. नाशिकच्या रुपयावर असेच गुलशनाबाद नांदते आणि चांदवडच्या रुपयावर 'जाफराबाद उर्फ चांदवड' असा, एखाद्या फेरफाराच्या नोंदीत शोभावा तसा, दुहेरी उल्लेख येतो. कंडक्टरांनी आपला रुपया उचलला, तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला, आणि "अहो मास्तर, बारा वर्षं हा खिशात घेऊन पुण्याच्या गाडीवर ड्यूटी केली मी," असे म्हणून ते जे हसू लागले ते थांबेनात. त्या शिक्षकांचा लेख या पुस्तकात सातवा आहे. फार्सी वर्णमालेचा गंधही नसलेल्या वाचकाने तो आधी वाचावा, कारण केवळ वीस-बावीस अक्षरसमूह डोळ्यांत भरवून घेतले की निम्मे मराठी रुपये कसे बोलू लागतात हे त्यांनी ज्या हळुवारपणे उलगडले आहे त्याला तोड नाही.

या छंदाचे सगळे वैभव मराठेशाहीतच आहे असे मात्र कोणी समजू नये. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली जो निधी सापडला त्यात १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती, सर्व क्षहरात वंशातील राजा नहपानाची. आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. पराभूत राजाची नाणी वितळविण्याच्या भानगडीत न पडता विजेत्याने त्याच्याच मुखवट्यावर आपले डोंगराचे चिन्ह मारले, आणि घाव जेथे हलका पडला तेथे नहपानाचे नाक आणि ग्रीक अक्षरांचे अवशेष अजून खालून डोकावतात. साम्राज्ये कशी बदलतात यावर मी अनेक ग्रंथ वाचले आहेत; पण दोन बोटांत धरता येईल एवढ्याशा चांदीवर जेता आणि जित एकमेकांवर निजलेले पाहिल्यावर जे समजले ते त्यांत नव्हते. याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशी, १९८० साली स्थापन झालेली, नाणकशास्त्राला वाहिलेली एक संशोधनसंस्था आहे. तेथे परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने आयुष्याचा उत्तरकाळ या विद्येला दिला. मराठी टांकसाळी व नाणी यांवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ मधील ग्रंथ आमच्या बैठकीत पोथीसारखा वाचला जातो.

जुन्या नाण्यांना पैसा लागतो, आणि निवृत्तिवेतनात ते कसे जमावे, हा आक्षेप मला सर्वाधिक ऐकावा लागतो. त्याला उत्तर म्हणून या पुस्तकातील एका बाईंचा लेख मी पुढे करतो. त्यांच्या संग्रहात सन १९०० पूर्वीचे एकही नाणे नाही आणि तरीही आमच्यात सर्वांत देखणा संग्रह त्यांचाच आहे. चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यामुळे तो घरोघर वजन म्हणून वापरला जाई आणि औषधाची मात्रा 'रुपयाभार' सांगितली जाई. १९४० मध्ये त्यातील चांदी निम्म्यावर आली. महायुद्धाच्या अखेरीनंतर ती पार गेली आणि निकेलच्या नाण्यावर वाघ आला. तांबे वाचविण्यासाठी १९४३ पासून पैशाला मधोमध भोक पडले, आणि ज्या पोरांनी त्या भोकाच्या पैशांच्या माळा करगोट्यात ओवल्या ती आज आजोबा झाली आहेत. मग १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांची राजवट जाऊन शंभर नये पैसे आले. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ असा कोष्टकी हिशेब दुकानादुकानांत लटकला, आणि आपले आणेवारीतले शहाणपण रात्रीतून बाद झालेले पाहून किती वृद्ध गृहिणींनी वाण्याशी वाद घातले याला गणती नाही. १९६४ मध्ये नव्या पैशातील 'नया' गळून पडला. हा सारा इतिहास बाईंनी आई, मावशी, सासू यांच्या जुन्या डब्यांतून, फडताळातून, शिवणयंत्राच्या खणातून गोळा केला. विकत घेतलेले नाणे त्यांच्याकडे नाही म्हटले तरी चालेल. त्यांच्या प्रत्येक चवली-पावलीखाली एक चिठ्ठी असून तीवर ते नाणे कोणाकडे, कशात आणि कशासाठी जपून ठेवलेले होते याची नोंद आहे; एका अधेलीखाली 'थोरल्या मावशीने रुसून माहेरी जाताना बसभाड्याला बांधलेली, वापरली नाही' असे लिहिलेले आहे. नाणकशास्त्राच्या दृष्टीने त्या अधेलीची किंमत नगण्य.

आता थोडे कडवटपणाने लिहावे लागते. या छंदात लबाडी पुष्कळ आहे. शिवराई होन म्हणून काल ओतलेले आणि आज मातीत पुरलेले सोनेरी ताम्रखंड एका विक्रेत्याने मला भर बाजारात इतक्या आर्जवाने देऊ केले की क्षणभर माझाच हात खिशाकडे गेला. नाणे ओतीव आहे की ठोकलेले हे कडेवरून आणि नादावरून कसे ओळखावे यावर सोनारबुवांचे प्रकरण आहे, ते पैसे खर्चण्यापूर्वी वाचावे. जमिनीत सापडलेला निधी दहा रुपयांहून अधिक मोलाचा असल्यास कलेक्टरास वर्दी देण्याची सक्ती १८७८ च्या कायद्याने केलेली आहे, आणि ती धाब्यावर बसवून नांगराच्या फाळाला लागलेले मडके रातोरात वाटून घेणारे, त्यातील नाणी आटवणारे लोक इतिहासाचे जे नुकसान करतात ते भरून निघण्यासारखे नसते. परंतु माझा राग यांच्यापेक्षाही दुसऱ्या एका वर्गावर आहे. एका धनिक संग्राहकाकडे मी तीनदा पत्र पाठवून, वेळ मागून गेलो. त्यांनी मला चहा दिला, पोलादी कपाट दाखविले, कपाटाची किल्ली दाखविली, आणि आत काय आहे ते तोंडी सांगितले. ज्या रुपयावरच्या अर्ध्या अक्षरासाठी आम्ही सहा माणसे दोन वर्षे अडलो होतो तो तेथे होता. आमचे अर्धे अक्षर आम्हाला मिळाले नाही, आणि आमच्याकडील अर्धे त्यांना. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती यांसाठी आयुष्यभर गावोगाव वणवण केली आणि जमले ते सारे अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्याच्या शुक्रवार पेठेत लोकांपुढे मांडून ठेवले. त्या वास्तूत गेलो की मला त्या पोलादी कपाटाची आठवण येऊन उगीचच घसा कोरडा पडतो.

पुस्तकातील लेखांचा क्रम लावताना मी लेखकांच्या शैलीस हात लावलेला नाही. चौथा लेख लांबला आहे. वजने-मापे यांवरील नवव्या लेखात मासे आणि गुंजा यांच्या हिशेबाबाबत लेखकाने पाचव्या लेखाशी उघड वाद मांडला असून तो बैठकीत अद्याप चालू आहे. दोघांचीही बाजू छापली आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाचा लेख अवघा दीड पानांचा आहे आणि तो मला सर्वांत आवडतो, पण का आवडतो ते येथे सांगितले तर उरलेले दहा जण पुढच्या रविवारी मला चहा देणार नाहीत. छायाचित्रांत नाणी मूळ आकारात आहेत. सहाव्या चित्रफलकातील पहिली, अवाजवी चकाकणारी शिवराई माझी. नवीन मनुष्य बैठकीला आला की सोनारबुवा प्रथम तीच त्याच्या हातावर ठेवतात आणि चिंचेची गोष्ट मला सांगायला लावतात.

मुद्रिते तपासून छापखान्यात धाडण्याच्या आदल्या दिवशी एक पाकीट आले. त्यात पत्र चार ओळींचे, आणि पातळ कागदावर पेन्सिल घासून घेतलेला एका रुपयाचा ठसा. पाठविणार त्या कपाटवाल्या गृहस्थांचा भाचा. मामा गावाला गेले असता किल्ली हाती लागली, म्हणून जमले तसे उमटवून पाठविले आहे, नाव छापू नये, असे त्याने लिहिले होते. उर्दू मास्तरांना रात्रीच बोलावून आणले. अक्षर जुळले, आणि अकराव्या लेखातील टांकसाळीचे नाव चुकलेले निघाले. फर्मा बदलणे आता शक्य नसल्याने तो लेख आहे तसाच राहू दिला आहे. शेवटच्या पानानंतर एक सुटा कागद डकविला असून त्यावर तो ठसा, शेजारी आमचा रुपया, आणि खाली मास्तरांच्या हातचे शुद्ध वाचन आहे.